अकरा लाखांत जुनी स्पोर्ट्स कार: ऑफिस, घाट आणि ट्रॅक एकाच गाडीत जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात आयटीत आहेत. बजेट अकरा लाख. रोज ऑफिसला, रविवारी ताम्हिणी-वरंधकडे आणि वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायला एकच गाडी हवी आहे. त्यांनी तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत: पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो आणि एक जुनी बीएमडब्ल्यू ३३०आय. यातली कुठली घ्यावी?

आधी हिशेब, मग गाड्या. अकरा लाख हातात असतील तर साडेसात, फार तर आठ लाखांपर्यंतच्या गाड्या बघा. बाकीचे पैसे पहिल्या वर्षात लागणारच आहेत. टायर, डिस्क-पॅड, इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंतची सगळी तेलं, बेल्ट किंवा क्लच, ट्रान्सफर, इन्शुरन्स, शिवाय ट्रॅकची फी आणि तिथवर जाण्या-येण्याचा खर्च. लोक अकराच्या अकरा लाख गाडीत घालतात, आणि मग टर्बोचा एक पाइप फाटला की गाडी महिनाभर सोसायटीत कव्हर घालून उभी राहते. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या निम्म्याअधिक 'बिघडलेल्या' स्पोर्ट्स कार खरं तर पैशांवाचून अडलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. तुम्ही म्हणता ते ट्रॅक पुण्याहून हजार किलोमीटरच्या वर आहेत. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या थोडा वर, वळणावळणाचा. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. तिसरा मोठा ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५ किलोमीटरहून जास्त, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. तिथली सरळ रेघ इतकी लांब आहे की शंभर-सव्वाशे पीएसच्या (साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या) गाडीत बसून तुम्ही पुढचं वळण यायची वाट बघत राहता. करीला हीच गाडी कमाल वाटते. म्हणजे तुमची गाडी आधी हजार किलोमीटर हायवेने जाणार, दिवसभर ट्रॅकवर ताणली जाणार आणि त्याच टायरांवर, त्याच ब्रेकवर परत येणार. फ्लॅटबेडवर न्यायची तर गोष्ट वेगळी, पण मग बजेटही वेगळं लागेल. म्हणून तुमच्यासाठी 'सगळ्यात वेगवान कुठली' हा प्रश्न दुय्यम आहे. येताना हुबळीत गाडी बंद पडली तर सोमवारी दुपारपर्यंत पार्ट मिळेल का, ते आधी बघा. या एका कसोटीवर तुमची यादी आपोआप छोटी होते.

बीएमडब्ल्यू ३३०आय या कसोटीवर टिकत नाही. गाडी म्हणून मला ती तिघींत सगळ्यात जास्त आवडते. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं, टर्बो नसलेलं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, स्टीअरिंग बोलकं. आज आठ लाखांत एवढी अस्सल गाडी दुसरी मिळणार नाही. पण ती आठ लाखांत का मिळते, हेही बघा. नवी असताना तिची जी किंमत होती त्याच पातळीवर तिचे पार्ट आजही विकले जातात. गाडीची किंमत उतरते, पार्टांची उतरत नाही. या पिढीचा इलेक्ट्रिक वॉटर पंप फारशी पूर्वसूचना न देता जातो, ऑइल फिल्टर हाउसिंगचं आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतं, कूलिंगचे प्लास्टिकचे भाग वयाने ठिसूळ होतात. हे सगळं पूर्ण बदललेली, बिलांची फाइल असलेली गाडी मिळाली आणि घरात रोजच्यासाठी दुसरी गाडी असेल तर जरूर घ्या. एकुलती एक गाडी म्हणून नको.

आता अबार्थ पुंटो. ही गाडी रांजणगावला बनायची, २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत आली तेव्हा भल्याभल्यांनी डोळे चोळले. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क आणि हायड्रॉलिक स्टीअरिंग. त्या स्टीअरिंगसाठी मी आजही तिला माफ करतो. पोलोत जे हाताला कळत नाही ते हिच्यात कळतं: पुढचा टायर किती पकडून आहे, कधी सुटायच्या बेतात आहे. टी-जेटला पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आधीच्या हवेच्या वाटेत फवारलं जातं, त्यामुळे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर साचणारं कार्बनचं लफडंही फारसं नाही.

अडचण पार्टांची. बीएस-६ सक्तीचं होण्याआधीच फियाट ब्रँडच्या गाड्या इथे बंद झाल्या. इंजिनाचे बरेचसे पार्ट लिनिया टी-जेटशी जुळतात, बॉडीचे साध्या पुंटोशी, त्यामुळे नेहमीची सर्व्हिस अडत नाही. पण अबार्थचेच म्हणून जे पार्ट आहेत ते शोधायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जुन्या गाड्या फोडणारे आणि परदेशातून येणारा पाहुणा अशा तिन्ही वाटा पालथ्या घालाव्या लागतात. पुण्या-मुंबईत पुंटो कोळून प्यायलेले मेस्त्री आहेत. कर्नाटक-तमिळनाडूच्या हायवेवर ते शोधत फिरायची वेळ येऊ नये. बघताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा आहे का ते बघा: थंड इंजिन सुरू केल्यावर बोनेटजवळ टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. डावा पाय टेकवायला क्लचशेजारी नीट जागा नाही, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये दहा मिनिटांत जाणवत नाही, कोल्हापूर ओलांडताना जाणवतं.

राहिली पोलो, आणि इथे थोडं सावकाश जाऊ, कारण 'पोलो टीएसआय' नावाखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या बाजारात फिरतात.

पहिली २०१३ पासूनची १.२ टीएसआय: १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या डीएसजीत दोन क्लच असतात आणि ते कोरडे, तेलात न बुडालेले. लोकांना वाटतं, ट्रॅकवर हा गिअरबॉक्स मरेल. माझा अनुभव उलटा आहे. ट्रॅकवर क्लच पूर्ण पकडलेला असतो, गिअर पटकन बदलतात आणि घसरण थोडीच होते. त्याला मारतं ते हिंजवडीचं ट्रॅफिक. ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच-इंच पुढे सरकवताना क्लच सतत अर्धा पकडलेला राहतो आणि तापतो. तुम्ही रोज तेच करणार आहात. त्यातच मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक डोकं, हा त्याचा जुना दुखरा भाग. तो गेला की खर्च लाखाच्या वर. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरत असेल किंवा चढावर सुटताना झटका देत असेल, तर किंमत कितीही पाडली तरी पुढे चला. शिवाय चेनवाल्या १.२ इंजिनांत टायमिंग चेन सैल होण्याचा प्रकार आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडते. ती ऐकायची असेल तर गाडी खरोखर थंडच हवी.

दुसरी पोलो २०२० नंतरची, एक लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर. हिच्यात सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, आणि टायमिंगला चेनऐवजी बेल्ट आहे. २०२२ मध्ये चाकणहून पोलो निघणं बंद झालं, त्यामुळे चांगल्या गाड्यांचे भाव उतरायला तयार नाहीत. तरी सात-आठ लाखांत शोधली तर मिळते. कागदावर अबार्थपेक्षा कमी आहे, मागे ड्रम ब्रेक आहेत, स्टीअरिंग मुकं आहे. पण सस्पेन्शन, ब्रेक, बुश यातलं जवळपास सगळं पोलो-व्हेंटो-रॅपिड घराण्यात सारखं किंवा अदलाबदलीचं आहे. आणि फोक्सवॅगनने २०१० पासून इथे पोलो कप चालवला, रॅलीतही पोलो वर्षानुवर्षं धावल्या. त्यामुळे या गाडीला ट्रॅकवर काय लागतं आणि काय लागत नाही, हे कोइम्बतूरच्या पोरांना तोंडपाठ आहे. पंक्चर काढणाराही तुम्हाला सेटअप सांगेल.

बाकीच्यांबद्दल दोन-दोन ओळी. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० हा या सगळ्यांचा मोठा भाऊ आहे, गिअरबॉक्स ओल्या क्लचचा आणि तगडा, पण तुमच्या बजेटच्या पलीकडे. अकरा लाखांत दिसली तर ती अपघाताची किंवा पुराची आहे असं समजूनच तपासा. बलेनो आरएस कमी बोलली जाते, १०२ पीएस, मागेही डिस्क, वजनाला हलकी आणि मारुतीचं सर्व्हिस सेंटर गावोगावी. ज्याला कटकट नको त्याने हीच घ्यावी, मला मात्र तिचं स्टीअरिंग रुचत नाही. आय-ट्वेंटी एन लाइन नवी आहे म्हणून महाग आहे. जुनी होंडा सिटी व्हीटेक, २००० ते २००३ ची, शिकायला अप्रतिम गाडी, पण पंधरा वर्षं उलटल्यामुळे पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर आला, आणि गंज न लागलेली मिळणं हे लॉटरीचं काम.

गाडी बघायला जाल तेव्हा काय करायचं, ते एका प्रसंगातून सांगतो. मध्यंतरी एका ग्राहकासाठी बाणेरला एक १.२ पोलो बघायला गेलो. सिंगल ओनर, पासिंग एमएच-१२, रनिंग कमी, पॉलिश असं की आरशाची गरज नाही. सकाळी आठची वेळ ठरवली होती आणि 'आम्ही येईपर्यंत सुरू करू नका' असं बजावलं होतं. पोचल्यावर आधी बोनेट उघडून वरच्या रेडिएटर होजवर हात ठेवला, तर होज कोमट. म्हणजे कोणीतरी आधीच गाडी गरम करून ठेवली होती. खडखडाट ऐकण्याची संधी गेली. मग स्कॅनर लावला. फॉल्ट कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर अपूर्ण. हे मॉनिटर म्हणजे गाडीने स्वतःच्या घेतलेल्या परीक्षा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की त्या पहिल्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला बरंच फिरावं लागतं. विचारल्यावर उत्तर आलं, 'काल बॅटरी बदलली.' बॅटरी तर दोन वर्षांपूर्वीची होती, तारीख तिच्यावरच छापलेली. आम्ही वाद घातला नाही. दोन दिवस गाडी वापरा, मग परत बघू, म्हणालो. परत गेलो तेव्हा पी-००१६ हा फॉल्ट कोड परत आला होता: क्रँक आणि कॅम (पिस्टनचा आणि व्हॉल्व्हचा दांडा) यांचा मेळ बसत नाही. चेनवाल्या इंजिनात त्याचा अर्थ बहुधा एकच असतो: चेन सैल झालीय.

त्याच गाडीत आणखी एक गोष्ट होती. स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाच्या) वरच्या नटांवर पान्याचे ताजे ओरखडे आणि गाडीच्या बाकीच्या बोल्टांवर धूळ. म्हणजे आधी वेगळं सस्पेन्शन होतं, विकायच्या आधी कंपनीचं परत बसवलं. असं आढळलं की मी आणखी खुणा शोधतो. ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबावर) दुहेरी टेपचा डिंक असेल तर तिथे टर्बोचा दाब दाखवणारं बूस्ट गेज होतं. एक्झॉस्टच्या जोडाचं गॅस्केट गाडीपेक्षा नवं असेल तर डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदलून परत लावलेला. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर, पुसून स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरात) किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंद राहते, ती बघा, पण ती लपवणारी टूल्सही आहेत, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

रिमॅप केलेली गाडी वाईटच, असं माझं म्हणणं नाही. मालकाने स्वतःहून सांगितलं, कोणी केलं, कुठल्या पेट्रोलवर, कधी, क्लच केव्हा बदलला, हे सगळं दाखवलं तर मी अशी गाडी लपवाछपवीच्या स्टॉक गाडीपेक्षा वर ठेवतो. मात्र हेही लक्षात घ्या की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. रस्त्यावर रोज नेणार असाल तर स्टॉकच घ्या.

तसंच ट्रॅकवर गेलेल्या गाडीचं. विकणारा 'कधीच ट्रॅकवर नेली नाही' असं शपथेवर सांगतो, जणू ते व्यसन आहे. खरं तर ट्रॅकवर नेणारे लोक तेल वेळेआधी बदलतात, टायर चांगले वापरतात, गाडी थंड करूनच बंद करतात. मला भीती वाटते ती रात्री दीड वाजता रिकाम्या रस्त्यावर सिग्नल टू सिग्नल पळवलेल्या गाडीची. तिचा क्लच गेलेला असतो, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारी रिंग) खरखरतो. चौथ्या गिअरमध्ये साधारण पन्नासच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच संपला. मग तिसऱ्यावरून दुसऱ्यात थोडं लवकर टाकून बघा, खर्र होतं का. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी कुठे कुठे काटकसर केली असेल याची कल्पना येते.

रंगाची जाडी मोजायचं मशिन हजारांत मिळतं, ते विकत घ्या किंवा मागून आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखादं दार २५० दाखवत असेल तर पुन्हा रंगवलंय, हे चालतं, पुण्यात दुचाकीने ओरबाडलेलं नाही असं दार मिळणं कठीण. छप्पर किंवा पिलर जास्त दाखवत असेल तर तिथेच थांबा.

कागदांत एक गोष्ट सगळे नजरेआड करतात: चालू पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. क्लेम न घेता तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० ला जातो. मालक सहा वर्षं एकच आहे, 'गाडीला ओरखडाही नाही' म्हणतो आणि बोनस शून्य, तर मागच्या वर्षी क्लेम झालाय. काय झालं होतं ते विचारा, सर्व्हेचा कागद मागा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. दिल्ली-बेंगळुरूची स्वस्त गाडी दिसली तर तिथली एनओसी आणि इथला वयाप्रमाणे लागणारा कर मिळवून पुन्हा बेरीज करा. स्वस्तपणा बऱ्याचदा तिथेच विरघळतो.

माझं मत एका वाक्यात: एक लिटरची मॅन्युअल पोलो, स्टॉक, बिलांसकट. अबार्थची फारच ओढ असेल आणि गाडी पुण्यातल्याच जाणत्या मेस्त्रीच्या हाताखाली राहिलेली असेल तर मी आडवा येणार नाही. फक्त सेन्सर, इग्निशन कॉइल, होज असे किरकोळ पार्ट आधीच घेऊन डिकीत ठेवा.

गाडी आली की लगेच लोअरिंग, इनटेक, एक्झॉस्ट या फंदात पडू नका. पहिल्या ट्रॅक डेला स्टॉक इंजिनच पुरतं, आणि इतरांना वाट करून देण्यातच अर्धा दिवस जातो. ब्रेकमध्ये मात्र पैसे घाला. डॉट-४ ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, आणि हवेतली ओल शोषून मुरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास उतरू शकतो. करीच्या वळणांवर ते उकळलं की पेडल थेट तळाला जातं. म्हणून निघण्याआधी ताजं ऑइल, रस्त्याच्या पॅडपेक्षा एक पायरी वरचे पॅड, आणि प्रत्येक सेशननंतर एक फेरी ब्रेक न लावता हळू. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

तुमची नेहमीची इन्शुरन्स पॉलिसी संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग असला वापर वगळते. ट्रॅकवर गाडी टायरच्या भिंतीत गेली तर खर्च तुमच्या खिशातून, हे धरूनच जा. आणि घाटात किंवा हायवेवर शर्यत लावली तर कलम १८९ आहेच. जमल्यास पहिल्या ट्रॅक डेआधी एखादा दिवस कोल्हापूरजवळ मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर घालवा; ब्रेक कुठे सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची हे तिथे कमी पैशांत शिकता येतं, टायरही तुमचे झिजत नाहीत. निघताना टो-हुक, टॉर्क रेंच आणि टायरमधल्या हवेचं स्वतःचं मीटर घ्या. ट्रॅकवर उधार मिळतं ते मीटर नेहमी दोन-तीन पीएसआय खोटं बोलतं.